अळ्यांसाठी पेरलेली कपाशी

बीटी कपाशीच्या, आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या, बियाण्यासोबत एक लहान पाकीट फुकट येतं. त्यात साधं बियाणं असतं. शेताच्या कडेनं ते पेरलं की अळ्यांना खायला काहीतरी साधं मिळतं आणि त्या बीटी पचवायला शिकत नाहीत, असा त्यामागचा हेतू. आमच्या गावात ते कोणी पेरत नसे. अळी मरावी म्हणून बियाणं घेणारा माणूस अळीच्या जेवणाची सोय कशाला करील? पाकिटं उकिरड्यावर जात.

योगिनी मॅडमनी ती जूनमध्ये मुलांकडून मागवून घेतली आणि शाळेच्या परसबागेत, वांगी-मेथीच्या वाफ्यांपलीकडे, चार ओळी लावल्या. अळ्या आल्या तेव्हा मुलांनी त्यांचं जेवढं कौतुक केलं तेवढं गावात कधी कोणा जावयाचंही झालं नसेल.

बागेला पाणी होतं नारायणरावांच्या विहिरीचं. ते शाळा समितीचे अध्यक्ष. पाणी दिल्यापासून दोन झेंडावंदनांना त्यांचे जाहीर आभार मानून झाले होते, तरी फेड पुरी झाली असं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

ऑक्टोबरात शिवारात डोमकळ्या दिसू लागल्या. डोमकळी म्हणजे न उमलता मिटून राहिलेलं फूल. आत गुलाबी अळी. बीटीत अळी शिरत नाही, हे नारायणरावांनीच पारावर बसून सांगितलं होतं आणि त्यांचं पाहून अर्ध्या गावानं तेच वाण पेरलं होतं. आता कोणीतरी गुन्हेगार लागत होता. तो शाळेच्या कुंपणाआड चार ओळींत उभाच होता.

"मॅडम, शनवारी मेळावा हाये तुमचा," नारायणराव म्हणाले. "त्याच्या आंदी हे उपटा. नाईतर पाइप काढून घेतो मी. अळ्या पोसाले नाई देल्लं पाणी."

त्या उन्हात चार दिवस पाणी तुटलं तर वांगी, मेथी, पालक, सगळी बाग वाळणार होती. मॅडमना ते माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, "काका, मेळाव्यात सगळ्यांसमोर बोंडं फोडू. अळी शाळेतून गेलेली दिसली तर मी स्वतः उपटीन."

शनिवारी फाटकाशी मुलांचा भाजीबाजार भरला. मागे चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि नारायणरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे लावत होत्या. मुलांनी आपापल्या वावरातली वीस-वीस हिरवी बोंडं आणली होती. कडुनिंबाला टेकवलेल्या फळ्यावर शकूरभाईंची मदिहा नावं लिहीत होती आणि नावापुढे अळ्यांचा आकडा.

आधी शाळेची बोंडं फुटली. सहा. नारायणरावांनी मान डोलावली. मग शेजारपाजारच्या वावरांची फुटली. पाच, सात, पाच. सुरुवातीला लोक हसत होते. मग प्रत्येक जण आपलं बोंड फुटायची वाट पाहू लागला आणि हसणं थांबलं.

"शकूरभाई, आठ," मदिहानं बापाचा आकडा लिहिला.

"पाहा," नारायणराव म्हणाले. "उडून उडून कुठवर गेल्या."

शकूरभाईंनी दाढी खाजवली. "बापू, माह्यं वावर नदीपल्याड. शाळेजवळ पाच अन् माह्याकडं आठ? माह्या पऱ्हाटीत काय लगन होतं त्याइच्या घरचं?" मग म्हणाले, "तुमचं वडनेर फाट्यावरचं वावर तं सगळ्यात लांब. तिथं एकबी नसंल. फोडा ना."

नारायणरावांच्या बोंडांची पिशवी त्यांच्या नातवाच्या, हर्षलच्या, मांडीवर होती.

"आपली राहू दे बे," नारायणराव म्हणाले.

पण अन्नपूर्णाबाई उठून आल्या होत्या. पिठाच्या हातांनीच त्यांनी पिशवी ओढून घेतली, कमरेचा अडकित्ता काढला आणि एकेक बोंड सुपारीसारखं कातरायला लागल्या. गुलाबी अळ्या फरशीवर वळवळत राहिल्या.

"तेरा," त्या म्हणाल्या.

मदिहाचा खडू हवेतच राहिला.

नारायणराव मॅडमच्या जवळ सरकले. आवाज एकदम खाली आला. "पाइप नाई काढत. तुमची पऱ्हाटीबी राहू द्या. माह्या नावापुढं तेवढं काई लिहू नका."

सकाळपासून मॅडमना जे हवं होतं ते सगळं त्यांच्या पुढ्यात आलं होतं. त्यांनी वांग्यांकडे पाहिलं. मग लोकांकडे.

"काका, हे सगळे तुमचं पाहून पेरतात आणि तुमचं पाहूनच फवारतात. तुमचा आकडा नसला तर उद्या पुन्हा पंप पाठीवर घेतील. अळी बोंडाच्या आत आहे, तिला थेंबही लागत नाही." त्या वळल्या. "मदिहा, लिही."

तेरा लिहिलं गेलं. नारायणराव निघून गेले. थोड्या वेळानं विहिरीवरची मोटर थांबली आणि वाफ्यातला पाइप दोन गुळण्या टाकून गप्प झाला.

"नसतं लिवलं त काय बिघडलं असतं, मॅडम?" मागून कोणीतरी म्हणालं. ज्याचा आकडा आधीच लिहिला गेला होता असाच कोणी असावा.

अन्नपूर्णाबाई हात न धुताच कुंपणाकडे निघाल्या. विहीर लागूनच असल्यानं सगळ्यांना ऐकू आलं, आणि ते येऊ नये अशी खटपट त्यांनी केलीही नाही.

"मोटर काऊन बंद केली?"

"तू घरी जाय."

"परवा हर्षलचा बाप फवारून आला त रातभर ओकत होता. तुमी म्हनले, ऊन लागलं. अळी बोंडात अन् जहर माह्या लेकाच्या आंगावर."

"लोक हासून राह्यले तिकडं."

"कोनी नाई हासत. समद्याइच्याच बोंडात हायेत." त्या मोटरच्या पेटीपाशी गेल्या. "सोमवारी पंप उचलनार नाई तो. तुमाले फवाराचं असंल त तुमी घ्या पाठीवर."

त्यांनी हिरवं बटण दाबलं. पिठाचं बोट उमटलं. पाइप खाकरला, हवा सोडली, मग पाणी आलं.

परत येऊन त्यांनी आधी रोडगे पाहिले. खालून काळे पडले होते. "एवढे लोक उभे हायेत, एकाले उलटता नाई आले," त्या मॅडमसकट सगळ्यांवर करवादल्या आणि पानं वाढायला बसल्या.

नारायणराव जेवायला आले नाहीत. विहिरीच्या काठावर शाळेकडे पाठ करून बसले, बटणापासून हातभर अंतरावर. पण त्यांनी हात लांबवला नाही. मोटर संध्याकाळी वीज गेली तेव्हा थांबली.