सगळ्यात लहान नंबर

"भिंगरी मासे पकडायला जाईल, पण गळ मी निवडणार," असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा माझे सासरे मान वर न करता "बरं" म्हणाले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. बाबा इतक्या सहज कशालाच बरं म्हणत नाहीत.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. वय आठ. एका जागी पाच मिनिटं बसली तर ताप आला की काय म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावते. रविवारी आजोबा तिला पहिल्यांदाच एका छोट्या नदीवर नेणार होते. गळाला गांडूळ नाही, तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी; मासा तिला किडा समजून तोंडात घेतो. त्यासाठी लांब दोरी डोक्यावरून मागे फेकायची, मग पुढे. दोरीच्या टोकाला गळ, आणि त्या गळाच्या वाटेत माझ्या मुलीचे दोन डोळे. मला तेवढंच दिसत होतं.

ऑफिसमधूनच गळांच्या दुकानात फोन लावला. दुकानवाल्या बाई स्वतः माश्या बांधायच्या.

"तरंगणारी हवी की बुडणारी?"

"बुडणारी असली तर काय होतं?"

"मासे खाली असतील तर लागतात."

"आणि वर असतील तर?"

"मग तरंगणारी." लगेच पुढचा प्रश्न. "तळाला गोटे आहेत की वाळू? सध्या किडे कुठले उडतायत?"

मुलीच्या प्रत्येक लसीची तारीख मला तोंडपाठ आहे. नदीवरच्या किड्यांबद्दल मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आदल्या रात्री इंटरनेटवर वाचलं होतं, तर एकजण म्हणे करडी माशी, दुसरा म्हणे करडी सोडून काहीही. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, नंबर तरी सांगा. चारपासून अठरापर्यंत आहेत." माझा जीव भांड्यात पडला. आकडे मला कळतात.

"चार नंबर द्या," मी ठणकावून सांगितलं. "सहा नग."

"चार? नक्की?"

"अगदी नक्की. पहिलीच वेळ आहे तिची."

शनिवारी सकाळी पार्सल आलं. डबी उघडली तर आत बोटभर लांबीचे सहा केसाळ प्राणी, आणि त्यांच्या पोटातून बाहेर आलेले आकडे पाहून मी डबी हातभर लांब धरली.

"वा!" नवरा म्हणाला. "मासा नाही मिळाला तर शेजाऱ्यांचं मांजर तरी मिळेल."

बाबांनी एक गळ उचलून उजेडात धरला. "याचे नंबर उलटे असतात गं. नंबर मोठा, गळ छोटा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू कुठला मागवलास ते मला काय माहीत? निवडणार तू होतीस."

भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे उद्याचं कॅन्सल?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. कारणही आयतंच मिळालं होतं, हातात धरून दाखवता येईल असं. पण तिने विचारलं ते माझ्याकडे न बघता, डबीकडे बघत. उत्तर तिला ठाऊक असल्यासारखं.

"चपला घाल," मी म्हटलं.

दुकानात गेल्यावर सरळ सांगून टाकलं, "मला यातलं काहीही कळत नाही."

"बोललात ते बरं झालं. फोनवर फार ठाम होतात हो." बाईंनी सोळा नंबरच्या चार माश्या काढल्या. दोन तपकिरी, तरंगणाऱ्या. दोन करड्या, डोक्याला तांब्याचा मणी असलेल्या, बुडणाऱ्या. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो त्यांनी पक्कडीने एकेक करून दाबून सपाट केला. "आता रुतला तरी ओढला की सरळ बाहेर येईल. मासाही कधीकधी निसटेल."

"निसटू दे."

"निसटू दे काय, आई!"

रविवारी मीही गेले, हे काय सांगायला हवं? पाणी गुडघाभर. बाबांनी एक गोटा उलटा केला. खालच्या बाजूला काळे किडे चिकटून वळवळत होते.

"सांग, कुठली लावायची?"

"बुडणारी?" मी म्हटलं. "किडे पाण्याखाली आहेत म्हणून..."

"हं."

हा होकार की नकार, हे लग्नाला दहा वर्षं होऊनही मला ओळखता येत नाही. इतक्यात एक मासा वर आला, पाण्यावरचं काहीतरी मटकावून गेला आणि माझं सगळं तर्कशास्त्र घेऊन गेला.

"मग तरंगणारी?"

"तू म्हणशील ती."

मी तपकिरी बांधली. का, ते विचारू नका. भिंगरीने टोपी आणि चष्मा घातला, काठी उचलली. मी तिच्या मागेच उभी होते. तिसऱ्या फेकीला माझ्या मानेत चट्‌कन टोचलं.

मी हात लावला, ओढलं. गळ निघून आला. बोटावर रक्ताचा एक ठिपका.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. न सांगताच ती दोरी गुंडाळायला लागली. "घरी जायचं ना?"

बाबा पाण्याकडे बघत राहिले. मान चुरचुरत होती, आणि घरी न्यायचं की नाही हे मला खरंच कळत नव्हतं. मी तिचा चष्मा नाकावर नीट बसवला.

"बाबा, मागे किती लांब उभं राहायचं असतं?"

"दहा पावलं पुष्कळ."

मी पंधरा मोजली आणि तिथून ओरडले, "ती काढून करडी लावून बघायची का गं?"

भिंगरीने काठी आधीच मागे नेली होती. दोरी हवेत होती.