सोलरच्या फ्रिजमधली पापलेटं

मुरब्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात मी वाढले. नर्सिंगच्या होस्टेलमधल्या मुली माझ्या पिशवीजवळ आल्या की नाक मुरडायच्या, तेव्हा मला त्यांचाच राग यायचा. माशाच्या वासाने मला कधी मळमळलं असं सांगितलं तर आमच्या गावात कोणी विश्वास ठेवायचं नाही. पण मळमळलं. आयुष्यात एकदाच. आणि तो वास लसीच्या फ्रिजमधून येत होता.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. फिरता हा शब्द फक्त पाटीवर. संस्थेच्या चुरीसाहेबांनी कुठल्याशा कंपनीच्या लिलावात एक जुना ट्रेलर उचलला होता. परदेशी इंजिनिअर असल्या ट्रेलरमध्ये राहायचे म्हणे. आत एक पलंग, हातभर ओटा, दोन खिडक्या आणि कपाटाएवढा संडास. त्याचं दार शेवटपर्यंत कधी नीट लागलं नाही. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नव्हतं. ट्रॅक्टरला बांधून तो बोईसरहून बेटेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर ओढत नेला आणि चाकांना दगड लावले. दवाखानाही तिथेच आणि माझं बिऱ्हाडही तिथेच. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नसे, आणि बाहेर बसले की साहेब विचारायचे, मंदा, ड्युटीवर आहेस ना?

पाड्यावर वीज नव्हती. गोवराची लस थंड नाही राहिली तर ती लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. म्हणून मुंबईच्या देणगीदारांनी सोलर दिलं. टपावर लावायची दोन पॅनेलं, चार बॅटऱ्या आणि त्यावर चालणारा एक छोटा फ्रिज.

ते बसवायला बोईसरहून शिवाजी वायरमन आला. माणूस कामाला चोख होता, हे कबूल करते. टपावर चढून त्याने लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकला, पॅनेलं दक्षिणेकडे कलती करून बसवली, पाडलेल्या भोकांत डांबर भरलं आणि वायर खाली पलंगाखालच्या बॅटऱ्यांपर्यंत आणली. मी शिडी धरून उभी होते. आजूबाजूला पाडा गोळा झाला होता. त्यात तान्ह्या चिमीला कडेवर घेतलेली जमुना सगळ्यात पुढे.

"बाय, ह्या काचांत काय हाय?" तिने विचारलं.

"ह्या ऊन धरतात. त्या उन्हावर आत औषध गार राहील."

"उन्हानं गार?" ती हसली. मग तिचं हसू गेलं. "त्येच का औषध? गोवराचं?"

"तेच."

आदल्या वर्षी ती आणि तिचा नवरा जिवल्या वीटभट्टीवर असताना त्यांचा मुलगा नवशा गोवराने गेला होता. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं भट्टीवर जातात, मुकादमाचा ट्रक येतो आणि माणसं, भांडी, कोंबड्या सगळं भरून नेतो. चिमीला नऊ महिने पुरे व्हायचे होते ते दिवाळीच्या सुमारास. त्याआधी टोचता येत नाही आणि ट्रक गेल्यावर टोचायला कोणी उरत नाही. मधले थोडे दिवस काय ते आमच्या हातात होते. जमुना मला त्या दिवसापासून भेटेल तेव्हा एकच विचारायची, ट्रक यायच्या आत होईल ना? मी होईल म्हणायचे.

काम संपवून शिवाजीने मला सगळं समजावलं. "ताई, हे फक्त फ्रिजपुरतं आहे. दिवसा जेवढं येईल तेवढं फ्रिज रात्री खाणार. दुसरं काही जोडायचं नाही."

मी मान डोलावते न डोलावते तोच चुरीसाहेबांची जीप आली. त्यांनी सगळं पाहिलं, वा वा म्हटलं आणि शिवाजीच्या खांद्यावर हात टाकला. एक पंखा, दोन ट्यूब आणि टेपसाठी एक पॉइंट. पाहुणे येतात, बरं दिसतं. शिवाजीने तोंड वाकडं केलं आणि पिशवीतून वायर काढली.

"अरे, आत्ता तर म्हणालास फ्रिजपुरतंच," मी म्हटलं.

"म्हटलं ना. पण गाडी त्यांची, बॅटऱ्या त्यांच्या. कधीमधी लावला पंखा तर काय होतंय?"

असल्या माणसांची मला चीड येते. एकदम वाईट असतात त्यांचा बंदोबस्त तरी करता येतो. ह्यांना सगळं कळत असतं आणि खांद्यावर हात पडला की कळेनासं होतं.

दिवाळी झाली. सोमवारी सकाळी ट्रक येणार असा निरोप आला. रविवारी टोचणी ठेवली. शुक्रवारी मी पालघरहून बर्फाच्या डब्यात लस आणली, फ्रिजमध्ये ठेवली, थर्मामीटर पाहिला. सगळं नीट होतं. तेवढ्यात चुरीसाहेब आले आणि फार मायेने म्हणाले, "मंदा, दिवाळीलासुद्धा घरी गेली नाहीस तू. उद्या जाऊन ये. रविवारी दुपारपर्यंत आलीस तरी चालेल." मला त्यांचं कौतुक वाटलं. आज ते कौतुक आठवलं तरी थुंकावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी मी मुरब्याला आईपाशी. होड्या लागल्या होत्या आणि आई, म्हणजे रखमा, टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर आला. साहेबांना चांगली पापलेटं हवीत. मंदाचे साहेब म्हटल्यावर आईने टोपली तळापासून उपसली. एकेकाचे कल्ले वर करून तिने त्याला दाखवले, आत लालभडक.

"बग, आताच उतरलीत. गारठ्यात ठेव मंजे उद्याला पन अशीच राहतील. साहेबाला सांग, मंदाच्या आयशीनं दिलीत."

मीच ती केळीच्या पानात बांधून दिली. साहेबांच्या घरी जाणार, असं मला वाटलं.

रविवारी मी पाड्यावर पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आंब्याखाली बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. जमुनाने चिमीला तेल लावून, काजळ घालून आणलं होतं. पलीकडे मुंबईचे दोन देणगीदार कॅमेरा घेऊन उभे, आणि त्यांच्याशी बोलत चुरीसाहेब, पावडर वगैरे लावून.

ट्रेलरच्या पायरीशी बाटल्या पडल्या होत्या. आत पाऊल टाकलं तर जमिनीवर हाडं, सिगरेटची थोटकं, माझ्या उशीवर कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा डाग. संडासाबद्दल लिहीत नाही. साहेबांचा मेहुणा आणि त्याचे मित्र शनिवारची रात्र तिथे काढून पहाटे निघून गेले होते. डोंगराची हवा, फुकटचा पलंग आणि डोक्यावर पंखा. माझ्या सुट्टीचं कारण तेव्हा मला समजलं.

मी फ्रिजकडे धावले. थर्मामीटर सहा अंशांवर होता, म्हणजे लसीला हवा तसा. जीव भांड्यात पडला. मग दार उघडलं आणि तो वास आला.

लसीच्या डब्यावरच केळीच्या पानाचं पुडकं ठेवलेलं होतं. मीच बांधलेलं. पान सोडलं. पापलेट अंगठ्याने दाबून पाहिलं तर बोट आत रुतलं आणि खड्डा तसाच राहिला. कल्ले वर केले, आत मातकट. डोळे बसलेले. कालची ताजी पापलेटं नीट गारठ्यात राहिली असती तर अशी झालीच नसती. रात्रभर गरमीत पडून ती नासली होती आणि सकाळी ऊन आल्यावर फ्रिजने ती पुन्हा गार केली होती. थर्मामीटर आत्ताचं सांगत होता. रात्रीचं मला माशाने सांगितलं. आणि माशाखाली तीच रात्र काढलेल्या लसीच्या बाटल्या होत्या. मी ओट्यावर हात टेकून उभी राहिले आणि मला उमासे आले.

साहेब आत आले. "झाली का तयारी? पाहुणे खोळंबलेत."

"साहेब, रात्री पंखा चालू होता?"

"असेल. उकडत होतं बिचाऱ्यांना. थोडा वेळ टेप लावला. दहालाच बॅटरी बसली म्हणत होते. पण आता चालू आहे ना फ्रिज? सहा दाखवतोय."

"आणि ही इथे कशाला?"

"काल ड्रायव्हरने ठेवली, आज जाताना घरी न्यायची म्हणून. तुझ्या आईनेच तर दिली, एकदम ताजी."

मी पान त्यांच्या नाकाखाली धरलं. ते दोन पावलं मागे सरले, खिशातून रुमाल काढला आणि खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, हे घेऊन जा आधी! लांब टाक. कोण खाणार ही घाण?" ड्रायव्हरने पुडकं नेलं. साहेबांनी रुमालाने बोटं पुसली, वास गेला का ते पाहिलं आणि म्हणाले, "हं, चल. घे टोचायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय टोचायला?"

"लस. दुसरं काय?"

"साहेब, मासा नासला तर लसही नासली. एकाच फ्रिजमध्ये होते."

"मासा उघडा होता. लस बंद बाटलीत आहे. तिला काय कल्ले असतात?" आणि स्वतःच्या विनोदावर ते हसले.

ते हसणं आजही माझ्या कानात आहे. त्या माणसाने आयुष्यात पुष्कळ चांगली कामं केली असतील, त्याच्या नावाच्या पाट्या आहेत. मला तो रुमालाने बोटं पुसतानाच दिसतो.

"तुमच्या ताटात जे चालत नाही ते ह्यांच्या पोरांच्या अंगात चालतं?" मी म्हटलं.

"हळू बोल. पाहुणे ऐकतील. आणि तुला नसेल जमत तर बाटल्या इकडे दे. बोईसरहून दुसरी नर्स अर्ध्या तासात आणतो. इंजेक्शन देता येणाऱ्या मुली काय कमी आहेत?"

त्यांनी हात पुढे केला. आणेल हा माणूस, ह्याची मला खात्री होती. ती मुलगी बिचारी थर्मामीटर बघेल, सहा बघेल आणि टोचत सुटेल. मी डबा उचलला, दारात आले आणि पायरीच्या दगडावर आपटला. मग उरलेल्या बाटल्या चपलेने फोडल्या. काचा कचकच वाजत होत्या.

आंब्याखालच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"औषध नासलं," मी बायांना सांगितलं. "रात्री साहेबांच्या पाहुण्यांनी पंखा लावला, त्यात नासलं. आज टोचणी नाही."

देणगीदारांपैकी एकाने काय झालं म्हणून विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "सोलरचं तंत्र अजून नवीन आहे ना. होतं असं." तो माणूस मान हलवून हो म्हणाला आणि त्याने पॅनेलांचा फोटो काढला.

बाया उठल्या. कोणी भांडली नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पोरं कडेवर घेऊन त्या एकेक करून उताराने निघून गेल्या. जमुना तेवढी थांबली.

"उद्या पालघरचं ऑफिस उघडेल," मी तिला म्हटलं. "मी नवी लस आणते. दोन दिवस थांब, जमुना. जिवल्याला जाऊ दे पुढे."

"त्यो एकला जाऊन काय करंल? भट्टीवर जोडी लागते. एकल्याला मुकादम ट्रकात पन घेत नाय."

"मग कुठली भट्टी ते सांग. मी तिकडे येते."

"कुटली ते आमाला तरी कुटं सांगतात? उतरवतील तिथं उतरायचं."

ती पायरीपाशी खाली बसली. दगडावर ओल होती, ती झपाट्याने सुकत होती. चिमीने काचेकडे हात केला तसा जमुनाने तो धरून मागे घेतला.

"एक तरी ठेवायची व्हतीस, बाय."

"अगं, नासलेली होती ती. टोचून काही उपयोग नव्हता. पाणी टोचल्यासारखं."

"ते तुला म्हाईत," जमुना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला कळलं नसतं. भट्टीवर मला रातची झोप तरी लागली असती."