पापक्षमेचं पान

उपासनेच्या पुस्तकातल्या त्या पानाचा खालचा कोपरा काळवंडलेला... तेजरामच्याच अंगठ्यानं. बत्तीस वर्षं, रविवारमागून रविवार, समोर गुडघे टेकलेल्या माणसांना या पानावरची पापक्षमा वाचून दाखवता दाखवता. आता लाखांदूरच्या या खोलीत समोर तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. मंडळीतली तरुण माणसं नागपूरला गेली, म्हातारी कबरस्तानात. निवृत्त पाळकाची उपासना मात्र दहाच्या ठोक्याला, हट्टानं. या पानाशी आलं की घोडं अडायचं. क्षमा बाहेरून यावी लागते, दुसऱ्याच्या तोंडून – हे तर ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती माणसाचं बाळकडूच. भंडाऱ्याच्या पाळकाला त्यानं दोनदा फोन लावला होता, आणि दोन्ही वेळा चर्चच्या छपराच्या गळक्या कवेलूंबद्दल बोलून ठेवून दिला होता.

सांगणार तरी कोणत्या तोंडानं? शेवटच्या आजारात सुलोचना, त्याची बायको, म्हणाली होती, “मले आतमधी काहीच वाटून नाही राहिलं हो. देव हाय का नाही...” आणि तरी प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी तिनं हात पुढे केला होता. विश्वास म्हणजे वाटणं नव्हे, असं साऱ्या मंडळीला शिकवणारा तो – घरात मात्र भडकला. “मंग नको घेऊ!” भाकर परत डबीत. दोन रविवार तसेच गेले, तिसऱ्याला ती नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शेजारच्या शकुनबाई लाखोळीच्या पाल्याची भाजी घेऊन आल्या.

“पादरीबाबा, एकटेच कोनासंग बोलून राहिले?”

“चष्म्यातून दिसत नाही,” तो खोटं बोलला. “एवढी ओळ वाचून देता काय?”

त्यानं मान खाली घातली, खुर्चीची पाठ घट्ट धरली. शकुनबाई चौथी शिकलेल्या. अक्षराखाली बोट धरून वाचू लागल्या.

“येशूच्या नावाने... तुझ्या सर्व पापांची... क्षमा झाली आहे. कोनाच्या पापाची जी?”

“माझ्या.”

“मंग झाली ना! भाजी गरम हाय, खाऊन घ्या.” आणि त्या गेल्याही.

तोंड कोणाचंही असो, वचन वचनच असतं – हे त्यानंच शिकवलेलं. तो थांबला... छातीत काही हलेल, डोळे भरतील... काहीच वाटेना. आणि मग तो चरकला – सुलोचनाला हेच होत असणार, नेमकं हेच, आणि तरी तिनं उघड सांगून हात पुढे केला होता... मग या घरात विश्वास होता तो कोणाचा? मला तर एक ओळ मागायलासुद्धा चष्म्याचं खोटं लागलं.