पांढऱ्या कोंबडीचा पाय

"धावली! धावली!"

दावुनीच्या अंगणात एकच गलका उठला. नऊ दिवसांपूर्वी सगळ्यांच्या देखत जिचा पाय त्याने काडीसारखा मोडला होता, ती पांढरी कोंबडी पायात लाल चिंधी घेऊन अंगणभर पळत होती. बायकांनी आरोळ्या दिल्या, म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

दावुनी हाडं बसवायचा. त्याची रीत ठरलेली. रोग्याने निव्वळ पांढरी कोंबडी आणायची. एक ठिपकाही पूर्वजांना खपत नाही म्हणे! मग तिचा पाय मोडायचा आणि दोघांना सारखाच पाला, सारख्याच कामट्या बांधायच्या. कोंबडी चालली की माणूस बरा.

"इस्पितळात काय करतात? पायात लोखंड ठोकतात!" दावुनी गर्जला. "अरे, तुम्ही माणसं की सायकली? आणि लोखंड बसलं नाही की करवत! माझ्या अंगणात कधी कुणाचा पाय कापला?"

"नाही!" गर्दी ओरडली.

अझारा ओरडली नाही. तिचा एकोणीस वर्षांचा वुम्पिनी कडुनिंबाखाली चटईवर पडला होता. तो आणि त्याचा मित्र इलियासू एकाच मोटरसायकलवरून, एकाच खड्ड्यात पडले होते. दोघांचीही नडगीच मोडली. इस्पितळातल्या डॉक्टर पुसागांनी दोन्ही आयांना समोर बसवून सांगितलं होतं, "प्लास्टर घालता येईल, पण हाड तिरकं मोडलंय. सरकलं तर पाय आखूड राहील. आत सळई घातली तर लवकर उभे राहतील. जखम चिघळायची थोडी भीती असते, ती लपवत नाही. माझी मुलं असती तर मी सळईच घातली असती."

इलियासूच्या आईने अंगठा दिला. अझाराचा दीर बुकारी मात्र उसळला होता. "वहिनी, कापतील! त्या दारातून वर्षभरात किती जण एका पायाने, कुबड्यांवर आले, आठव जरा!" तिला ते आठवले. तिने पोराला उचलून इथे आणलं.

आता कामट्यांतून डोकावणारी त्याची बोटं कोळशासारखी काळी होती. त्यांना वास येत होता.

"आई," वुम्पिनी तापात पुटपुटला, "माझा पाय आहे ना गं तिथे? मला लागतच नाही."

 अझारा दावुनीपुढे जमिनीवर बसली. "बाबा, चार दिवस सांगतेय, जरा सैल करा हो. पोरगं जाईल माझं."

"काळं रक्त बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. कोंबडी बघ! कोंबडी खोटं बोलते का? तुझ्याच घरची ना ती?"

तुझ्याच घरची. अझाराने मान वर केली. वीस वर्षं ती कोंबड्या पाळत होती. शेजारपाजारच्या सगळ्या एकाच उकिरड्यावर चरायच्या, म्हणून आपल्या प्रत्येक पिल्लाच्या मागच्या बोटाचं टोक ती नखासकट छाटून ठेवायची. झडप घालून तिने कोंबडी पकडली.

मागचं नख अख्खं होतं.

तिने चिंधी ओढून काढली. पाय गुळगुळीत, कुठे गाठ नाही, खूण नाही. तशीच ती झोपडीमागे गेली आणि पालथी टोपली उचलली. आत चार पांढऱ्या कोंबड्या होत्या, चारही लंगड्या. त्यातली छाटल्या नखाची तिची होती. तिचा पाय अजून लोंबत होता.

दोन्ही हातांत दोन कोंबड्या धरून ती गर्दीपुढे आली. "म्हणून पांढरी लागते होय तुला? पांढऱ्या सगळ्या सारख्या दिसतात!"

"मन मळलेलं असलं," दावुनी चाचरत म्हणाला, "की पूर्वज कोंबडी बदलतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अझाराला हसायला वेळ नव्हता. तिने सुरीने दोर कापले, गर्दीतल्या बुकारीने पुढे येऊन पुतण्याला घरच्या तीनचाकीत घातलं.

इस्पितळात डॉक्टरांनी वुम्पिनीची बोटं दाबली आणि ते खाली बसले.

"त्या दिवशी म्हणाला होतात ती सळई घाला ना!" अझारा म्हणाली. "मी अंगठा देते. दोन्ही अंगठे देते!"

"सळई जिवंत पायात घालतात, अझारा. दोर इतके आवळले की रक्त पोहोचलंच नाही. आता पाय ठेवला तर मुलगा जाईल."

टाके काढायला आलेला इलियासू कुबड्यांवर दारात उभा होता. त्याचा मोडका पाय हलकेच जमिनीला टेकला होता. 

"मग वर्षभरात ज्यांचे पाय कापले ते कोण?" तिने विचारलं.

"वर्षभरातला हा सातवा. सातही जण आधी असल्याच अंगणांतून आले. थेट आलेल्यांपैकी एकाची जखम चिघळली, दोन महिने इथे पडून होता. पण पायावर घरी गेला."

बुकारी बोलला ते खोटं नव्हतं. ती माणसं आधी कुठे होती, एवढंच त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. अझारा भिंतीला डोकं टेकून हमसून रडली.

दीड महिन्याने दावुनीचं अंगण पुन्हा भरलं होतं. माणसं विसरतात, आणि अंगणं भरतात. एका पायाचा वुम्पिनी कुबड्यांवर आत आला तसा दावुनीला चेव चढला. "बघा, बघा! इस्पितळात गेला आणि पाय गमावून आला!"

"बोलून घे," अझारा म्हणाली. तिने इलियासूला हात धरून पुढे आणलं. तो काठी टेकत, पण दोन्ही पायांवर चालत आला. "एक गाडी, एक खड्डा, एकच हाड. हा तिकडे गेला. माझ्याला मी इथे आणला. मी! माझ्या हाताने! तुम्ही कोंबडी बघत बसता, मीही बसले. अरे, कोंबडीकडे काय बघता? पोराची बोटं बघा. नख दाबा, सोडा. लाली परत येते का बघा. नाही आली तर रक्त अडलंय. त्याला ना डॉक्टर लागतो, ना पूर्वज."

मागे एक बाई लेकीचा कामट्या बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. तिने मुलीच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. शेजारची माणसं वाकून बघू लागली. नख पांढरंच राहिलं.

अंगणात नवी कोंबडी फडफडत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"अझारा," ती बाई म्हणाली, "तुझी तीनचाकी बाहेर आहे का गं?"

"आहे. आधी दोर काप. आणि उचल तिला."