साडेसातची फेरी

धम्मानंदच्या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं. साध्या सायकलीवर उतार लागला की माणूस पाय थांबवून मजेत बसतो. या सायकलीवर ती सोय नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर पाय. वेग कमी करायचा तर पायांनीच पेडलला उलटा जोर द्यायचा. असली कटकट हौसेने घरी आणायला माणूस एकतर अतिशहाणा लागतो, नाहीतर सत्तावीस वर्षांचा. धम्मानंद दोन्ही होता. इंदोऱ्यातल्या घरून तो बाराही महिने तिच्यावरच कामाला जायचा आणि स्कूटर चालवणाऱ्यांची कीव करायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, कामठी रोडवर त्याच्या आडवं कुत्रं आलं. सायकलीला ओरखडासुद्धा उठला नाही. धम्मानंदचं मात्र कंबरेखालचं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. हातांची बोटं तेवढी थोडी हलत. ऐकू येत असावं, समजतही असावं, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी काळावर सोडलं.

नंदिनी त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण. सदरमधल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. पॅसेजमध्ये धूळ खात उभी असलेली सायकल तिला बघवेना, म्हणून ऑक्टोबरात एका सकाळी ती तीच घेऊन निघाली. सवयीने उतारावर पाय थांबवायला गेली आणि पेडलने तिची टाच अशी उचलली की ती पडता पडता वाचली. संध्याकाळी घरी आली तर आई दारातच उभी होती.

"नंदे, आज याचे पाय हालले वं," कांताबाई म्हणाल्या. "साडेसातले सुरू झाले आन पावणेआठले थांबले. आन आता संध्याकाळी परत. गोल गोल."

नंदिनी साडेसातला निघाली होती आणि पावणेआठला लॅबमध्ये पोचली होती. 

या घरात भूत, करणी, अंगात येणं यांना उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. कांताबाई म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. शेजारच्या दारावरचं लिंबू काढून त्याचं सरबत करून प्यायलेली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रयोग मांडला. फोन कानाला लावून मुलाच्या पायथ्याशी बसल्या आणि रस्त्यावरच्या मुलीला हुकूम सोडू लागल्या. थांब. चालव. जोरात. हळू. प्रत्येक हुकुमाबरोबर चादरीखालचे पाय तसेच वागले.

"हे भूतबित काही नाही," त्यांनी निकाल दिला. "ही कसरत आहे. पन कोणाले सांगू नको."

तिथून साडेसातची फेरी सुरू झाली. आधी सदरपर्यंत, मग फुटाळा तलावाला वळसा घालून सदर. थंडीत नंदिनीची बोटं हँडलवर आखडायची. रविवार नाही, सण नाही, ताप आला तरी सुटी नाही. चार महिन्यांत धम्मानंदच्या वाळलेल्या पोटऱ्या भरल्या. डॉक्टरांनी दोनदा चष्मा पुसला. कांताबाई पायथ्याशी बसून फेऱ्या मोजायच्या आणि त्यांची नजर त्या पायांवरून वर म्हणून जायची नाही. "बरं वाटते ना, राजा?" त्या शेवटी विचारायच्या. तो डोळे मिटायचा. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं. मायलेकींनी त्याचा अर्थ होकार असाच लावला होता. आशा माणसाला शहाणं कधी करते?

"पुढच्या मारबतीले हा स्वतःच्या पायानं गल्लीत उभा राहन," कांताबाई म्हणायच्या. नंदिनीचाही त्यावर विश्वास बसला होता. लग्नाचं बोलणं आलं ते तिने परतवलं, पुण्याची चांगली नोकरी नाकारली. आपण थांबलो तर तो कायमचा झोपून राहील, एवढंच तिला दिसत होतं.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, अशी ती निघायची. एका सकाळी सायकलीवर बसली आणि पेडल जड लागलं. गंज म्हणावा तर तो सगळीकडे सारखा लागतो. हे तसं नव्हतं. पाय खाली दाबला की खालून कोणीतरी वर दाबत होतं, जरा दमत होतं, परत दाबत होतं. उन्हामुळे आपल्याच अंगातलं बळ गेलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दात-ओठ खाऊन जोर लावला. फुटाळ्यापाशी पेडल हलकं झालं, तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटलं. आईला तिने यातलं काही सांगितलं नाही. रोज सकाळी असंच व्हायचं आणि रोज तीच जिंकायची.

जुलैत पाऊस लागला तरी पेडलचा जडपणा जाईना, तेव्हा तिने इंदोरा चौकातल्या सुमंत मिस्त्रीला रविवारी घरी बोलावलं. त्याने चेन पाहिली, बेअरिंग पाहिलं, चाक फिरवून कान लावला.

"ताई, मले तर काही दिसून नाही राहिलं. एक चक्कर मारून पाहतो," म्हणत तो सायकल घेऊन गेलासुद्धा.

नंदिनी हात धुवायला आत वळली, आणि धम्मानंदच्या खोलीच्या दारातच खिळली. इतक्या महिन्यांत तिने त्याचे पाय हलताना एकदाही पाहिले नव्हते. कसे पाहणार? ते हलायचे तेव्हा ती सायकलीवर असायची.

चादरीखाली गुडघे वर येत होते, खाली जात होते. पायथ्याशी आई शांतपणे मोजत होती. उशीवर धम्मानंदचा जबडा ताणला होता, मान ताठ झाली होती. दोन्ही हातांच्या बोटांनी त्याने खाटेची पट्टी धरली होती, नखं पांढरी पडली होती. फरफटत नेलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तसं. त्याचे डोळे नंदिनीवर आले आणि तिथेच राहिले.

तिने सुमंतला फोन लावला. फोन पॅसेजमधल्या त्याच्या पिशवीत वाजला. ती अनवाणी गल्लीत धावली, पण तो कधीच वळणापार गेला होता. त्याची ती एक चक्कर दहा मिनिटांची निघाली. दहा मिनिटं ती भावाचे गुडघे छातीशी कवटाळून बसली, आणि ते गुडघे तिला ढकलत फिरतच राहिले.

सुमंत घाम पुसत परतला. "ताई, पेडल मांगं ढकलते जी," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून, पैसे न घेताच गेला.

"उद्यापासून मी जाणार नाही," नंदिनीने आईला सांगितलं.

"काहून?"

"त्याचं तोंड पाहिलंस का तू कधी?"

"दुखते त्याले. दुखणारच. पायात जीव येऊन राहिला तर दुखणार नाही का?" कांताबाईंचा आवाज चढला. "एवढं केलं आन आता, काठाशी आल्यावर सोडतं?"

नंदिनी वाद घालत बसली नाही. तिला वाटलं, आपण गेलो नाही की विषय संपला.

सोमवारी तिला चेनच्या आवाजाने जाग आली. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजून गेले होते. पॅसेजमध्ये सायकल उलटी केलेली होती, सीट आणि हँडल फरशीवर, चाकं वर. शेजारी पाटावर बसून कांताबाई हाताने पेडल फिरवत होत्या. "एकशे बारा. एकशे तेरा." आतल्या खोलीत प्रत्येक आकड्याला खाट करकरत होती.

"आई, सोड ते."

"दहाच मिनिटं वं. तो चालन, पाहजो तू."

नंदिनी चाक धरायला वाकली, पण त्याआधीच पेडल अडलं. कांताबाईंनी ढकललं, ते परत आलं. त्यांनी दुसरा हातही लावला. पेडल थरथरत, हळूहळू, पुन्हा मागे आलं. औषधाचा चमचा बाजूला सारणाऱ्या पोरासारखं. या पोराला त्यांनी असे किती चमचे पाजले होते. तो नकार त्यांच्या तळहाताने ओळखला.

त्यांनी हात काढून घेतले. आत खाट थांबली. बऱ्याच वेळाने तिथून एक लांब, सुटलेला श्वास ऐकू आला.

"केव्हापासून?" कांताबाईंनी विचारलं.

"मे महिन्यापासून."

"आन तू काय करत होती?"

नंदिनी फरशीवर आईसमोर बसली. खोटं बोलायला आता जागा नव्हती.

"मी आनखी जोर लावत होती, आई."