उजवीकडची खुर्ची

मान दुखायला लागली तेव्हा व्हिडिओ बघून स्वतःच इलाज सुरू केला. कोडिंग तसंच शिकलो होतो, मग बसणं काय अवघड? छाती पुढं, खांदे मागं. दोन आठवडे. मान तशीच, वर पाठही धरली.

शेवटी जयनगरला पद्मनाभ सरांकडं गेलो. फिजिओथेरपिस्ट, कैक पिढ्या बेंगळुरूतलेच मराठी. मला बसलेलं बघून म्हणाले, "परेडला आलायस काय? श्वास सोड की. ताठ म्हणजे कडक नव्हे रे. तासन्‌तास एकाच तऱ्हेनं बसलास तर दुखणारच."

मग ऑफिसात बसल्याचा फोटो मागितला.

"अंग समोर, मान उजवीकडं. मोठी स्क्रीन तिकडं का ठेवलीस?"

"सवय."

"समोर घे. वरची कड डोळ्यांच्या रेषेत. अर्ध्या तासानं उठून चाल. बस्स."

"समोर नाही जमणार, सर."

"टेबल लहान?"

"नाही."

"मग उजवीकडं कोण बसतं?"

कान तापले माझे.

"सौम्या बसायची. मार्चमध्ये पुण्याला गेली. नोकरी बदलली."

"सांगितलंस तिला?"

"नाही."

"अय्यो! तिला पत्ता नाही, आणि मान तुझी गेली."

खरंच होतं. स्क्रीन तिकडं ठेवली की तिच्या कडेवरून सौम्या दिसायची. बेंगळुरूतल्याच मल्लेश्वरमची, मराठीत कन्नड मिसळणारी. "क्षितिज, स्वल्प हे बघ की," म्हणायची, आणि मी आधीच बघत असायचो. ती गेल्यावरही बघत राहिलो. आठ महिने.

सोमवारी महादेवपुऱ्याला ऑफिसात पोचलो आणि स्क्रीन समोर ओढली. गुरुवारपर्यंत मान हलकी झाली. बाकी काही हलकं झालं नाही.

आमच्याकडं जागा ठरलेल्या नसतात, पण त्या खुर्चीवर रोज माझी बॅग असायची. शुक्रवारी दयानंद आला, नवीन मुलगा. "यहाँ कोई बैठता है क्या?"

माझ्या तोंडून पटकन 'हाँ' येणार होतं.

"नहीं," म्हणालो. बॅग उचलली.

तो बसला, तर गुडघे पार वर आले. खुर्ची अजून सौम्याच्याच उंचीला होती. ती पाच फूट एक इंचाची. त्यानं खालचा दांडा ओढला आणि खुर्ची सरसर वर घेतली.

मी समोर बघत होतो.