पुसलेले ठिपके

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. डहाणूला लागून असलेल्या मसोलीत नविनचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे काउंटरमागे माझं बस्तान. माझा डबा एका दुकानातला, स्क्रीन दुसऱ्या दुकानातली आणि माऊस कुठून तरी मागून आणलेला. असा जोडूनजाडून मी उभा राहिलो. तरी पहिल्या दिवशी नविनने मला हार घातला, नारळ फोडला, तेव्हा मी भलताच फुशारलो होतो.

पुढे कित्येक वर्षं मी फक्त माणसांचे चेहरे पाहिले. लग्न, हळद, बारसं, पासपोर्ट. नविनचा हात माऊसवर बसला की मुरूम, वांग, तीळ, सुरकुत्या सगळं सफाचट. गिऱ्हाइकं नविनची पाठ थोपटायची, मला कोण विचारतो? मला मात्र एका गोष्टीचं भारी कुतूहल वाटायचं. हे जे आपण पुसतो, ते तिथे कशासाठी आलेलं असतं?

एकदा मयूरी आली. तिच्या घरची चिकूवाडी आहे.

"नविनभाऊ, आमचं सगळ्यात जुनं झाड पानं टाकतंय. बाबा म्हणतात, म्हातारं झालं, तोडून टाकू. मी शेती खात्याच्या मॅडमना मोबाइलवरून फोटो पाठवला, पण सावलीत सगळं काळंच येतं. तुमच्या कॅमेऱ्याने काढून द्या ना."

त्या झाडाखाली मयूरी लहानाची मोठी झाली होती.

नविन वाडीत जाऊन फोटो काढून आला आणि माझ्या पोटात पहिल्यांदाच पान आलं. मी ते डोळे भरून पाहतोय, तोवर नविनने उजेड वाढवला आणि सवयीने हात फिरवला. पान कसं गुळगुळीत झालं. तोच फोटो त्याने मॅडमना पाठवला.

दुसऱ्या दिवशी मयूरी उतरलेल्या चेहऱ्याने प्रिंट न्यायला आली. झाडाची आठवण म्हणून तिला तो फोटो घरात लावायचा होता. हातात फोटोतल्याच फांदीचं एक पान होतं.

"मॅडम म्हणाल्या, पानं चांगली आहेत, रोग दिसत नाही. म्हणजे बाबांचंच खरं. उद्या करवतवाला येतोय."

बोलता बोलता तिने हातातलं पान माझ्या स्क्रीनजवळ धरलं आणि ती थबकली.

"भाऊ, ह्याच्यावरचे ठिपके कुठे गेले?"

"ते काढले ना. एवढ्या छान फोटोत डाग कशाला ठेवायचे?"

"अहो, पान म्हणजे काय नवरी आहे?"

नविनचं तोंड एवढंसं झालं. पण मूळ फोटो कधी उडवायचा नाही, ही त्याची एक चांगली सवय. तो माझ्याकडे जपून ठेवलेला होता. त्याने तो उघडला, उजेड बेताचा ठेवला, कॉन्ट्रास्ट वाढवला, पानाचा पोत उठावदार केला. मित्रांनो, काय दिसलं म्हणून सांगू! शीर न् शीर मोकळी झाली. प्रत्येक ठिपक्याला तांबूस कडा होती आणि मध्ये राखाडी बुंदका. मी तर बघतच राहिलो.

नविनने तो फोटो पाठवताच मॅडमचा फोन आला. "बुरशी आहे. झाड तोडू नका. दाट फांद्या विरळ करा, मग काय फवारायचं ते सांगते."

मयूरीचे बाबा गोविंदराव स्वतः स्टुडिओत आले आणि चष्मा सावरत माझ्यासमोर बसले. "एवढं सगळं पानावर होतं?" त्यांनी विचारलं. करवतवाला ठरल्याप्रमाणे आला, पण दाट फांद्या तेवढ्या छाटून गेला.

आता नविनकडे नवा लॅपटॉप आहे. मी कोपऱ्यात धूळ खात पडलोय आणि माझ्या डोक्यावर मयूरीने त्याच झाडाच्या चिकूंची पेटी आणून ठेवली आहे. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. पण परवा कमळी नावाची नवी नवरी फोटो निवडायला आली होती. तिच्या ओठाखाली तीळ आहे. नविनचा हात सवयीने तिकडे गेला आणि थांबला.

"वहिनी, हा तीळ ठेवू की काढू?"

"ठेवा," कमळी म्हणाली. "माझ्या आईलापण तिथेच होता."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ खुशाल पुसा, मला बरंच वाटेल. बाकी काही पुसायचं असेल, तर आधी एकदा असं विचारत जा.